दिल्लीला गेलेली भाकरी

रत्नव्वाच्या खानावळीत भाकरीला चांगली म्हणायची सोय नव्हती. लक्ष्मीपुरीत धान्यबाजाराच्या मागच्या बोळात तिची खानावळ. एखादा नवखा पावणा जेवता जेवता खुशीत येऊन म्हणायचा, "अक्का, भाकरी लई झ्याक झालीया." झालं! चुलीपुढून रत्नव्वा गरजायची, "जेवायला आलायसा न्हवं? मग गप जेवा की. भाकरीचं कवतिक ऐकायला हितं कोण बसलंय?" पावणा बिचारा घास तोंडात धरून इकडंतिकडं बघायचा आणि जुनी गिऱ्हाइकं ताटात मान घालून हसायची. म्हातारी तऱ्हेवाईक आहे, एवढंच त्यांना ठाऊक. तऱ्हेवाईक ती होतीच. पण तिला कौतुकाचा वीट आला होता तो उगीच नव्हे, आणि तो कसा आला हे ऐकलं तर ऐकणाऱ्याच्याही तोंडाची चव जाते.

कारण एके काळी ही बाई कौतुकाला हपापलेली होती. तिचं माहेर गडहिंग्लजच्या खाली, कानडी मुलखाला लागून. घरात कानडी, बाजारात मराठी, गळ्यात लिंग आणि हातात भाकरी. नवरा चन्नाप्पा अडत दुकानात हमाली करायचा. तो ऐन उमेदीत गेला तेव्हा तिनं रडणं आवरून चूल पेटवली. तिकडच्या बायकांना कडक भाकरी येते. कागदासारखी पातळ थापायची, वर तीळ दाबायचे, तव्यावरून उतरली की निखाऱ्याच्या कडेला उभी करून सुकवायची. मग ती फडक्यात बांधून कुठंही न्या, पंधरवडा टिकते आणि पापडासारखी मोडते. रत्नव्वाची कडक भाकरी शहरात गाजत होती. जेवणारा पहिला घास घेई तेव्हा ही काम सोडून त्याच्या तोंडाकडं बघत बसे. त्यानं मान डोलावली की हिचा दिवस सोन्याचा.

सहासष्ट साल उजाडलं ते मात्र कुणाच्याच तोंडाला चव ठेवणारं नव्हतं. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, सप्टेंबरात लढाई झालेली. रेशनवर ज्वारी मिळेना, मिळायची ती मिलो. अमेरिकेतून जहाजानं आलेलं लाल, टणक धान्य. तिकडं म्हणे ते डुकरांना घालतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण शिजवताना त्याला ओल्या पोत्याचा वास यायचा आणि खाल्लं की जिभेवर तुरट थर चढायचा. पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापायला घ्यावी तर कडेनं फाटत जायची. बायका रेशनच्या दुकानापुढं पिशवी धरून उभ्या राहायच्या आणि पिशवीत काय पडतंय ते बघून तोंड वाकडं करायच्या. तरी न्यायच्या. न नेऊन सांगतात कुणाला?

कसबा बावड्याच्या अंगाला वीटभट्ट्यांजवळ एका सेवा मंडळानं पत्र्याचं शेड घातलं होतं. भट्टीवरच्या आणि उसाच्या टोळ्यांतल्या पोरांना तिथं दुपारी फुकट जेवण मिळायचं: परदेशी मदतीची मिलो आणि पावडरीचं दूध. पहिल्या आचाऱ्यानं मिलो अशी काही शिजवली की पोरं ओकली. ते रत्नव्वाच्या कानावर गेलं. दयेपेक्षा तिला चीडच जास्त आली. "खाल्लेलं पोरानं ओकावं, असला सैपाक माणूस करतंय तरी कसा?" असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी स्वतःच तिथं जाऊन उभी राहिली, ती राहिलीच. मिलो रात्रभर भिजवायची, भरडायची, शेजारच्या गुऱ्हाळावरून मागून आणलेला गूळ घालायची आणि पळीनं वाढता येईल असा घाटा करायची. पोरं ताटली चाटूनपुसून खायची आणि ही कमरेवर हात ठेवून बघायची. खानावळ दुपारपुरती बंद राहायची, तिची तिला पर्वा नव्हती.

पोती आणायचा इलाही. त्याचा टांगा होता. सकाळी गोदामातून पोती घ्यायची, वाटेत लक्ष्मीपुरीतून रत्नव्वाला घ्यायचं आणि बावड्याला यायचं, हा त्याचा रोजचा क्रम. हाताखाली भट्टीवरचीच तानाबाई असायची. विधवा बाई, पाठीला पोर बांधून विटा वाहणारी. दुपारी घटकाभर येऊन पाणी ओढायची, घाटा ढवळायची. शेडातला तो घाटा हेच तिच्या पोरांचं दिवसाचं जेवण होतं. रात्रीला काही मिळालं तर मिळालं. लढाईच्या वेळी बावड्यात संरक्षण निधी गोळा होत होता तेव्हा याच तानाबाईनं धाकट्याच्या कमरेचा चांदीचा करदोडा काढून दिला होता. सैनिकाच्या हातातल्या बंदुकीचं वावडं तिथं कुणालाच नव्हतं.

फेब्रुवारीत एक दिवस इलाही अर्धीच पोती घेऊन आला.

"अक्का, आता हप्त्यातनं तीनच दीस माल मिळणार म्हनं."

"का? अमेरिकेतली मिलो सपली व्हय?"

"सपतीया कुटली! तितं त्येंच्या सभेत भांडान लागलंय. ते म्हंत्यात, ह्यास्नी तोफा घ्यायला पैसा हाय, मग आमी ह्यास्नी खायाला का घालायचं? आन् आपल्या दिल्लीत म्हंत्यात, पैसा पैला तोफांला. खायाचं काय, जहाज येतंयच की." इलाही रोज चहाच्या टपरीवर पेपर वाचायचा, त्यामुळं जगाच्या भानगडी त्याला तोंडपाठ.

"म्हंजे ते ह्येंच्यावर ढकलत्यात, हे त्येंच्यावर," रत्नव्वा पोत्याला लाथ मारून म्हणाली. "थू असल्या शाण्या लोकांवर! भरल्या पोटानं सभा भरवायची आन् पोरांचा घास मोजायचा."

तीन दिवस शेड चालू, उरलेले दिवस बंद. बंदच्या दिवशीही पोरं यायची. दाराला कडी बघायची, थोडा वेळ बसायची आणि जायची. रत्नव्वाला ते कळलं तेव्हापासून तिला खानावळीत घास जाईना.

अशातच एका सोमवारी संध्याकाळी खासदार हंबीरराव खानावळीच्या दारात जीप थांबवून उतरले. विरोधी पक्षाचे, अंगानं पैलवान, आवाजानं त्याहून मोठे. कॉलेजात असल्यापासून रत्नव्वाची भाकरी खाल्लेला माणूस. त्या दिवसांत सोमवारी संध्याकाळी सगळ्या हॉटेलांच्या चुली बंद असायच्या. धान्य वाचवा म्हणून दिल्लीहून आवाहनच होतं.

"चूल बंद हाय, सायब," रत्नव्वा म्हणाली. "सरकारचा सोमवार हाय. आमचा तर शंकराचा आधीपास्नंच हाय."

"जेवायला न्हाय आलो, रत्नव्वा. काम घेऊन आलोय." हंबीरराव बाकावर ऐसपैस बसले. "दिल्लीत पुढच्या पंधरवड्यात संरक्षण खात्याचा खर्च मंजुरीला येतोय. कोट्यवधींचा. मी कपात सूचना मांडणार. म्हणणार, लढणाऱ्या जवानाला हवं ते द्या, पण ह्यातला चिमूटभर पैसा काढा आणि पोरांच्या ताटात आपल्याच देशाची ज्वारी घाला. परदेशाच्या गोणीची वाट बघायची ही भीक बंद करा."

"मग आमचं शेड सगळं दीस चालंल?"

"चालंल म्हणजे? जिल्ह्यात असली शेडं गावोगाव चालतील. पण नुसतं बोलून तिथं कुणी ऐकत न्हाय. मला भाकरी पायजे. मिलोची, तुमच्या हातची कडक भाकरी, म्हणजे दिल्लीपर्यंत टिकंल. सभागृहात उघडून दाखवणार, म्हणणार, बघा, हे खातो आमचा देश! आणि एक ध्यानात ठेवा, नुसत्या मिलोची करा. फुटू दे, काळी होऊ दे. जितकी वंगाळ हुईल तितकं आपलं काम फत्ते."

रत्नव्वानं होकाराची मान हलवली. सांगितलेलं तिला सगळं कळलं होतं. यात न कळण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मिलोचं पीठ परातीत घेतलं, कढत पाणी ओतलं आणि मळायला बसली. पहिली भाकरी थापतानाच चहूकडून चिरली. तव्यावर टाकली तर मधोमध भेग पडली. निखाऱ्यापाशी उभी केली तेव्हा ती भट्टीतल्या फुटक्या विटेसारखी दिसत होती. हंबीररावांना हवी होती ती नेमकी हीच. रत्नव्वा तिच्याकडं बघत राहिली आणि तिला शिसारी आली. ही आपल्या हातची म्हणून दिल्लीला जाणार? तिथं कुणी विचारलं, कुणी केली ही, तर हंबीरराव नाव सांगणार रत्नव्वाचं. तिच्या माहेरी प्रवासाला बांधून द्यायच्या जेवणाला बुत्ती म्हणतात. लेकीची बुत्ती असो की वाटसरूची, ती परगावी जाऊन उघडली जाते. ती खराब निघाली तर बांधणाऱ्या घराची अब्रू जाते. हे तिनं आईच्या मांडीवर ऐकलेलं. वाईट बुत्ती बांधायला तिचा हात वळेचना.

तिनं ती भाकरी मोडून टाकली. मडक्यात भावानं पाठवलेला थोडा शाळू होता, हिवाळ्यातली पांढरी ज्वारी; त्याचं पीठ सणासाठी राखून ठेवलेलं. नुसती वळण्यापुरती मूठभर मिसळू या, असं मनाशी म्हणत तिनं एक मूठ घातली. भाकरी जरा बरी थापली गेली. मग आणखी एक मूठ. मग निम्मंशिम्मं. रंग लालसर आहेच की, दिल्लीवाल्यांना काय कळतंय! तीळ लावल्याशिवाय ती कडक भाकरी कसली, म्हणून वर तीळ दाबले. आणि नुसती भाकरी कुणी बांधून देतं का, म्हणून लसूण घालून शेंगदाण्याची खमंग चटणी कुटली. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात सगळं बांधून गाठ मारली तेव्हा तिचं तिलाच बरं वाटलं. जीप आली, बुत्ती गेली.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी इलाही पेपर हातात नाचवत खानावळीत शिरला. "अक्का, तुमची भाकरी लोकसभेत!" त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. संरक्षणावरच्या चर्चेत कोल्हापूरच्या भाकरीनं सभागृहाला खूश केलं, सदस्यांनी चव घेऊन वाहवा केली, असं चौकटीत छापलं होतं. जेवणाऱ्यांनी ताटं वाजवली. रत्नव्वानं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला आणि इलाहीला पुन्हा वाचायला लावलं. वाहवा हा शब्द तिला फार आवडला.

"आन् त्यो चिमूटभर पैसा? पोरांचा?" तिनं मग विचारलं.

इलाहीनं चौकट वरखाली धुंडाळली. "त्ये हितं दिल्यालं न्हाय."

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी तिला ते पुन्हा विचारायचंच नव्हतं.

आठवड्याभरात हंबीरराव आले. चेहरा फुललेला, हातात पेढ्यांचा पुडा. बाकावर बसले आणि मांडीवर थाप मारून सांगू लागले. "काय सांगू रत्नव्वा! भाषण रंगात आलं, मी फडकं सोडलं. अध्यक्ष म्हणाले, सभागृहात वस्तू दाखवू नका. तोवर चटणीचा वास पार मंत्र्यांच्या बाकापर्यंत गेलेला! शेजारच्यानं एक तुकडा मोडला, मागच्यानं दुसरा. सरकारी बाकावरचे उठून आले, हात पुढं करायला लागले. पोरं पंगतीत करतात तसं! मंत्री उठले आणि म्हणाले, माननीय सदस्यांच्या जिल्ह्यात ह्या धान्याची इतकी रुचकर भाकरी होत असेल, तर तिथल्या जनतेची चिंता सरकारनं करायचं कारण न्हाय. उलट आमच्या जवानांसाठी अशा भाकऱ्या पाठवाव्यात. सगळं सभागृह खदखदून हसलं. मीसुद्धा हसलो. काय करणार?"

"आन् सूचना?"

"ती मागं घेतली. असल्या हसण्यात ती कुठली टिकतीया? खर्च आवाजी मतदानानं मंजूर झाला. त्ये होणारच होतं म्हणा." त्यांनी पेढ्याचा पुडा पुढं सरकवला. "ऐका. पुढल्या खेपेला मला भरपूर भाकऱ्या पायजेत. दोन्ही बाजूंचे सदस्य मागायला लागलेत. बंगल्यावर जेवण ठेवतोय, कोल्हापुरी बेत. मंत्री यायला कबूल झालेत. पैशाची फिकीर करू नका."

रत्नव्वानं पुड्याला हात लावला नाही. उंच गादीची बाकं, धुतलेले पांढरे कपडे, तुकडे मोडणारी बोटं, बोटाला लागलेली चटणी चाटणारी तोंडं. सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि तिला किळस आली. पण त्या किळसेच्या तळाशी तिचंच पीठ होतं, हेही तिला टोचत होतं. ती कशीबशी म्हणाली, "सायब, चुकी माजी हाय. त्यात शाळू हुता. निम्मा."

तिला वाटलं, हा माणूस आता चिडेल, ओरडेल, निदान कपाळावर हात मारून घेईल. हंबीरराव हसले.

"ते मला ठाऊक हाय की. गाडीत भूक लागलेली, पुण्याच्या पुढंच एक खाल्ली. पहिल्या घासालाच कळलं, ही काय मिलो न्हवं."

"कळलं हुतं? मग उगडून कशाला दावलीसा?"

"पेपरवाल्यांना सांगून ठेवलेलं, रत्नव्वा. भाकरी दाखवणार म्हणून जाहीर झालेलं."

"आन् ते सगळे हसाय लागले तवा? तवा तरी सांगायचं की, त्यात निम्मा शाळू हाय, नुसती मिलो खाऊन बघा म्हणून!"

"हसणाऱ्या सभेत असं काय सांगायचं?" ते अगदी मोकळेपणानं म्हणाले. "माझंच हसं झालं असतं."

रत्नव्वा उठली. तिच्या दारातून आजवर कुणी कोरड्या तोंडानं गेलं नव्हतं; भांडणाऱ्यालासुद्धा ती आधी पाणी द्यायची आणि मग भांडायची. तिनं पेढ्याचा पुडा उचलून हंबीररावांच्या मांडीवर ठेवला. "पोरं दाराची कडी बघून माघारी जात्यात सायब, आन् तुमी माझ्या भाकरीवर हसून आलासा. मला तुमची किळस येतीया. उठा. आन् परत ह्या दारात जेवायला येऊ नगासा."

ते गेले. जाताना ड्रायव्हरला म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय. कडक भाकऱ्या त्यांना दुसरीकडून मिळाल्या, जेवणही झालं म्हणतात. तसल्या जेवणाला काय, भाकरी थापणाऱ्या बायका कुठंही मिळतात.

महिन्याभरात इलाहीचा टांगा गोदामातून रिकामा आला. वाटप बघणाऱ्या कचेरीत ठरलं होतं की कोल्हापूरच्या बाजूला टंचाई तशी नाही, तिथले लोक मिलोवर आनंदात आहेत, हे तर खुद्द लोकसभेत सिद्ध झालं आहे. तीन दिवसांचा मालही बंद. मंडळाच्या लोकांनी चार अर्ज केले, चार ठिकाणी हात जोडले आणि शेवटी शेडाला कुलूप घातलं.

हे पोरांना आणि त्यांच्या आयांना सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. मंडळातला कुणी तयार होईना. रत्नव्वा एकटी गेली. ऊन चढलं होतं, भट्टीच्या धगीत हवा थरथरत होती. पोरं नेहमीसारखी ताटल्या मांडीवर घेऊन शेडाच्या सावलीला बसली होती. तानाबाई घागर भरून आणून उभी होती. चुलीला जाळ नाही, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

"तानाबाई, शेड बंद झालं," रत्नव्वा म्हणाली. "आता माल येणार न्हाय."

"आमचं कुटं काय चुकलं व्हय, अक्का?"

"तुमचं न्हाय. माजं चुकलं." आणि तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. फुटकी भाकरी, मोडून टाकलेली, शाळूच्या मुठी, तीळ, चटणी, दिल्लीतलं हसणं. आता ही आपल्याला शिव्या घालेल, अंगावर घागर फेकेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर तिला सोसलं असतं.

तानाबाईनं घागर खाली ठेवली. मग समजूत काढावी तशी म्हणाली, "मिसळणारच की, अक्का. आपल्या हातची बुत्ती परगावाला वंगाळ कशी धाडायची? माज्याकडं शाळू असता तर मी बी मिसळला असता."

तिनं पोरांना हाक मारली, घागरीतलं पाणी त्यांच्या ताटल्यांत ओतलं आणि ते पिऊन झाल्यावर त्यांना घेऊन भट्टीकडं गेली.